चौऱ्याऐंशी बोटं पाणी

१

सोमवारी पहाटे पाणी शेंदायची पाळी वाइसामीच्या घराची होती. त्याने टाकीची राखण करणाऱ्या फालेसेनेकडून किल्ली आणली, सभागृहाच्या ओट्यातलं लोखंडी झाकण उचललं आणि बादली आत सोडली. दोर संपला. बादली मात्र कोरडीच लोंबकळत राहिली.

फालेमोतु बेटावर नदी नाही, ओढा नाही. विहिरीचं पाणी मचूळ, ते डुकरांना आणि भांड्यांना. माणसांनी प्यायचं ते सभागृहाच्या छपरावरून ओट्याखालच्या टाकीत उतरलेलं पावसाचं पाणी. पावसाने चार महिने तोंड दाखवलं नव्हतं, आणि राजधानी फुनाफुटीहून येणारं जहाज अजून तीन आठवडे लांब होतं. म्हणून टाकीला कुलूप लागलं होतं. पाळी असेल त्या घराने पहाटे सगळ्या गावाचं पाणी शेंदायचं, घरटी एक लहान बादली. त्याने टाकीची पातळी तीन-चार दिवसांत जेमतेम एक बोट उतरायची.

पातळी मोजायचा मान तुलांगाआजोबांचा होता. ते रोज संध्याकाळी टाकीत काठी बुडवत, भिजलेली बोटं मोजत, आणि सभागृहाच्या दारात उभं राहून आकडा पुकारत. फक्त रविवार सोडून, कारण त्या दिवशी कुणी कसलंच काम करत नाही. आजोबांनी मोजल्यावर दुसऱ्या कुणी काठीला हात लावायचा नाही, अशी रीत होती. लावला, तर आजोबा खोटं बोलले असं तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं.

शनिवारी संध्याकाळी आजोबांनी चौऱ्याऐंशी बोटं पुकारली होती.

वाइसामी रीतभातीचा माणूस कधीच नव्हता. त्याने काठी उचलली आणि सरळ टाकीत घातली. चाळीस बोटं. त्याने पुन्हा घातली. चाळीसच. मग त्याने सभागृहाचा लाकडी नगारा असा बडवला की अर्धं गाव अंगावरच्या कपड्यांनिशी धावत आलं.

पासेमेताबाई, शाळेच्या गणिताच्या बाई, गर्दीत मागे उभ्या होत्या. चव्वेचाळीस बोटं पाणी गेलं हे कळल्यावर एकेक मान वळली ती फालेसेनेकडे. कुलूप शाबूत होतं, आणि किल्ली त्याच्याकडे असायची. शिवाय रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना हा एकटाच किनाऱ्यावर होता, तुलांगाआजोबांच्या नातीच्या लग्नाला आलेल्या शेजारच्या बेटावरच्या पाहुण्यांच्या होडीत पिंपं चढवत. ती पिंपं चर्चमधून लवकर निघालेल्या दोघातिघांनी पाहिली होती.

पिंपांत काय होतं, असं वाइसामीने विचारलं. फालेसेने खाली बघत राहिला.

"पाणी विकलंस," वाइसामी म्हणाला. "पोरांच्या तोंडचं पाणी विकलंस तू."

फालेसेने बाईंचा मामेभाऊ होता. लहानपणी दोघं एका पानात जेवले होते. पण इथे मामेभावाने आणि आतेबहिणीने मोठेपणी समोरासमोर बसून बोलायचं नसतं, एकमेकांची थट्टाही करायची नसते. बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि बाईंना त्याचीच धडकी भरली.

ऊन कलल्यावर सभा बसायची ठरली. सभागृहात प्रत्येक घराण्याचा एक खांब असतो, त्याला टेकून बसायचा हक्क असतो. चोरी शाबित झाली तर फालेसेनेच्या घराचा खांब जाणार होता, आणि पुढच्या जहाजाने बायकोमुलांसकट तो बेटावरून जाणार होता. खांब गेलेलं घर परत आल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

२

बाईंनी आधी तुलांगाआजोबांचं घर गाठलं. आजोबा दारात चटईवर बसले होते. समोरच्या नारळातलं पाणी तसंच होतं. बाईंनी अदबीने विचारलं, की मला आज टाकीत काठी घालू द्याल का.

आजोबांनी समोरचा नारळ बाजूला सरकवला. मग ते हळूच म्हणाले, "वाइसामीने माझा मान ठेवला नाही. आता तूही?"

बाईंचे कान तापले. पण घरी परतायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. त्या म्हणाल्या की मला पाण्याचा आकडा नको आहे, मुलांना सरळ रेषेचा धडा द्यायचा आहे, आणि त्यासाठी मोजायला काहीतरी हवं. मुलांच्या धड्याला आजोबा कधी नाही म्हणाले नव्हते. त्यांनी मान हलवली, पण बाईंकडे पाहिलं नाही.

बाईंनी वर्ग ओट्याशेजारीच भरवला. आजोबांच्या नातीच्या लग्नासाठी बांधलेली ताडपत्री अजून उतरवली नव्हती, तिच्या सावलीत मुलं बसली. आठ वाजता बाईंनी काठी घातली, सगळ्यांदेखत, आणि झाकणाला कुलूप लावून किल्ली वर्गासमोर ठेवली.

एकोणचाळीस.

त्यांना वाटलं आपलंच चुकलं. दहा वाजता पुन्हा मोजलं. अडतीस. दुपारी बाराला सदतीस.

कुलूप बंद होतं. किल्ली चाळीस डोळ्यांसमोर पडलेली होती. आणि पाणी चाललं होतं, तासाला अर्धं बोट, एका चालीने, आवाज न करता. ओट्याभोवती ओल नाही, डबकं नाही. इथली प्रवाळाची वाळू पाणी असं पिते की मागमूस राहत नाही.

३

बाईंना आधी सुटल्यासारखं वाटलं. टाकी गळत होती, म्हणजे चोर नव्हताच. त्या तशाच वाइसामीकडे गेल्या. तो जाळं विणत बसला होता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. वाइसामी तोंडाचा फाटका होता, पण डोक्याचा नव्हता.

"तासाला अर्धं बोट म्हणता ना बाई? शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट, छत्तीस तास. गळून गेली अठरा बोटं. चौऱ्याऐंशीतून अठरा गेली, राहिली सहासष्ट. मला सापडली चाळीस. मधली सव्वीस बोटं काय खेकडे प्यायले?"

बाईंनी मनात पुन्हा वजाबाकी केली. तीच सव्वीस आली.

"गळती आहेच," वाइसामी म्हणाला. "आणि चोरपण आहे. तुमचाच हिशोब आहे हा. सभेत मी तोच मांडणार."

बाईंनी भावाला सोडवायला म्हणून काठी टाकीत घातली, आणि त्याच काठीने त्याला आणखी खोल ढकललं.

त्या फालेसेनेच्या घरी गेल्या, पण त्याच्यापाशी नाही, त्याच्या बायकोपाशी. लोसालिने मागच्या अंगणात अळूसारखे पुलाकाचे कंद सोलत होती आणि रडत होती. बाईंनी विचारलं, पिंपांत काय होतं ते तरी सांग. लोसालिनेने आत कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"ताडी होती हो बाई. आंबवलेली. पाहुण्यांनी मागितली आणि ह्यांना नाही म्हणता येत नाही. रविवारी, ते पण प्रार्थनेच्या वेळी ताडी दिली असं कळलं तर पास्टर काय म्हणतील, म्हणून तोंड शिवून बसलेत. मी म्हटलं, अहो, ताडीपायी निदान कुणी बेटावरून हाकलत नाही."

बाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही. ताडीची गोष्ट बायकोने सांगितलेली, होडी निघून गेलेली. यावर कोण विश्वास ठेवणार? आणि सव्वीस बोटं अजून बेपत्ताच होती.

४

ओट्याकडे परतताना वाटेत नाकालाच्या घरून भांडणाचा आवाज आला. नाकाला आपल्या जावेच्या नावाने शंख करत होती. जावेने आपला बादलीचा दोर कापला, डुक्कर बांधायला नेला, आणि वर कबूल करत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"हात लावला नाही मी तुझ्या दोराला," जाऊ पलीकडून म्हणाली. "तुझा दोर तुझ्यासारखाच, दिवसेंदिवस तोकडा पडतोय."

बाई पुढे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. दोर कापला हे कधी कळलं, असं त्यांनी नाकालाला विचारलं.

नाकालाला ऐकणारं माणूस हवंच होतं. तिने दोर आणून दाखवला. बुधवारी तिच्या सासूला ताप होता म्हणून जादा बादली मिळाली होती. तेव्हा बादली पाण्याला टेकली की ओट्याच्या कडेशी दोराचा जो भाग येतो, तिथे तिने लाल चिंधी बांधून ठेवली होती, पुढच्या वेळी अंदाज राहावा म्हणून. शनिवारी पहाटे पाळी तिची. चिंधी कडेशी आली तरी बादली अधांतरीच. दोर आणखी सोडावा लागला, हातात टोक उरेना, तेव्हा तिने वर दुसरा तुकडा जोडला.

"पण चिंधी आणि बादली यांच्यामध्ये दोर कापलेला दिसतोय का कुठे?" बाईंनी विचारलं.

नाकालाने दोर हातातून सरकवत नेला. मध्ये गाठ नव्हती. ती गोंधळली.

"शनिवारी बादली पाण्याला टेकली तेव्हा ओट्याच्या कडेशी काय होतं?"

ते तिला पक्कं आठवत होतं. जोडाची गाठ कडेत अडकून तिचं नख तुटलं होतं. बाईंनी चिंधीपासून त्या गाठीपर्यंत बोटं मोजली. दोनदा मोजली. वीस.

मग त्या तिथेच, नाकालाच्या अंगणातल्या वाळूत उकिडव्या बसल्या आणि काडीने लिहू लागल्या.

गेला आठवडाभर त्या मुलांना हेच शिकवत होत्या. सरळ रेषा ओळखायला सगळी रेषा पाहावी लागत नाही. तिच्यावरचा एक बिंदू पक्का माहीत असू दे, आणि तिचा उतार, म्हणजे एक पाऊल पुढे गेलं की ती किती खाली किंवा वर जाते ते, माहीत असू दे. मग ती रेषा पुढेही सापडते आणि मागेही, जिथे आपण कधी गेलोच नाही तिथेही. पण बिंदू स्वतः पाहिलेला हवा. ऐकीव बिंदूवरून काढलेली रेषा कुठेही नेते.

आणि वाइसामी निघाला होता चौऱ्याऐंशीपासून. ते कुणी पाहिले होते?

बाईंनी स्वतः पाहिलेला बिंदू घेतला. पहाटे सहाला त्यांनी शून्य मानलं, तिथून तास मोजले. सहाव्या तासाला, दुपारी बाराला, पाणी सदतीस बोटं. उतार उणे अर्धा. पाण्याला क्ष तासांनंतर य बोटं म्हटलं, की झालं समीकरण:

य − ३७ = −½ (क्ष − ६)

आधी त्यांनी परीक्षा घेतली. क्ष शून्य ठेवला. य आले चाळीस. वाइसामी पहाटे खरं बोलला होता.

मग शनिवार पहाट. शून्याच्या मागे अठ्ठेचाळीस तास. क्ष उणे अठ्ठेचाळीस ठेवला. कंसात उणे चौपन्न, त्याला उणे अर्ध्याने गुणलं, सत्तावीस. सदतीस आणि सत्तावीस, चौसष्ट.

नाकालाचा दोर बुधवारपेक्षा वीस बोटं जास्त गेला होता. बुधवारीही आजोबांनी चौऱ्याऐंशीच पुकारली होती. चौऱ्याऐंशीतून वीस गेले की चौसष्ट.

दोर खरं बोलत होता. रेषा खरं बोलत होती. मधली सव्वीस बोटं कुणी नेलीच नव्हती, कारण शनिवारी संध्याकाळी टाकीत चौऱ्याऐंशी बोटं पाणी नव्हतंच. आणि तरीही तो आकडा दारात उभं राहून पुकारला गेला होता.

गावात कुणाहीबद्दल असं म्हणता आलं असतं, त्या एका माणसाबद्दल सोडून.

अजून एक गोष्ट काढायची राहिली होती. त्यांनी य च्या जागी चौऱ्याऐंशी ठेवले आणि क्ष शोधला. उणे अठ्ठ्याऐंशी. सोमवार पहाटेच्या आधी अठ्ठ्याऐंशी तास. त्यांनी बोटांवर दिवस मागे मोजले.

गुरुवार, दुपारचे दोन.

त्या वेळी आपण शाळेतून घरी येत होतो हे त्यांना आठवलं. आणि ओट्याजवळून जाताना काय ऐकलं होतं, तेही.

५

सभा भरली तेव्हा एकही खांब रिकामा नव्हता. फालेसेने आपल्या खांबाशी बसला होता, मुलं त्याच्या मांडीला चिकटून. तुलांगाआजोबा मधल्या खांबाशी, पाठ ताठ.

वाइसामीने हिशोब मांडला. चांगला मांडला. सव्वीस बोटांपाशी तो थांबला, तेव्हा बायकांच्या बाजूने कुणीतरी हुंदका दिला. ती लोसालिने होती.

मग बाई शाळेचा फळा घेऊन उभ्या राहिल्या. दुपारभर त्यांनी एकच विचार केला होता. वडीलधाऱ्या माणसाला भरसभेत खोटं पाडणारी बाई या गावात पुन्हा मान वर करून चालू शकणार नव्हती. आणि गप्प बसणारीही नाही.

त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. मुलांना शिकवतात तसं सावकाश सांगितलं. खडूने एक बिंदू काढला आणि म्हणाल्या, हा मी पाहिला, वीस मुलांनी पाहिला. त्यातून उतरती रेषा काढली. वाइसामीची पहाट तिच्यावर बसली, वाइसामीने मान डोलावली. मग नाकालाला दोर घेऊन उभं केलं. तिची शनिवारची पहाटही रेषेवर बसली. सभेत कुजबुज सुरू झाली आणि अचानक थांबली. ज्यांना वजाबाकी येत होती, त्यांना कळलं होतं.

"तर मग आकडा..." वाइसामी बोलायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं.

बाईंनी रेषा मागे, वर, चौऱ्याऐंशीपर्यंत नेली आणि खडू तिथेच टेकवून धरला.

"इथे गळती सुरू झाली. गुरुवारी दुपारी दोनला. त्या वेळी फालेसेने कुठे होता?"

तो वाइसामीबरोबरच होता, खोल समुद्रात, मासेमारीला. वाइसामीनेच ते सांगितलं, जमिनीकडे बघत.

"आणि इथे, ओट्यापाशी, गुरुवारी दुपारी काय चाललं होतं, ते कुणाला आठवतंय का?"

सगळ्यांना आठवत होतं. घणाचे घाव गावभर ऐकू आले होते. बाहेर ताडपत्री वाऱ्यावर फडफडत होती, तेवढाच आवाज. बाईंचा हात फळ्यावर अवघडला होता, पण खाली घ्यायची भीती वाटत होती.

"घण मी मारत होतो," तुलांगाआजोबा म्हणाले.

ते बसूनच बोलले, आवाज न चढवता. नातीच्या लग्नाची सावली ओट्यापर्यंत यावी म्हणून जुन्या जहाजाची लोखंडी पहार खुंटी म्हणून ठोकली. खाली काहीतरी कडक लागलं. दगड असेल म्हणून आणखी जोर केला. त्या संध्याकाळी लग्नाच्या गडबडीत काठी न घालताच बुधवारचा आकडा पुकारला. शुक्रवारी पाळी त्यांच्याच घराची. सून म्हणाली, बादली खोल गेली. त्यांनी काठी घातली. शहात्तर.

"तेव्हाच सांगायला हवं होतं," आजोबा म्हणाले. "पण पाहुणे निघाले होते. पाणी गळतंय म्हटलं असतं, तर लग्न मोडून होड्या परत गेल्या असत्या. वाटलं, एक दिवस. मग वाटलं, पाऊस येईल. आज सकाळी तुम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतात, आणि मी... मी पण बघत होतो."

ते उठले. कुणी हात द्यायला गेलं नाही, कारण हात देणंही वाईट दिसलं असतं. ते बाहेर गेले, ओट्याला लागून ठोकलेल्या पहारीपाशी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागले. कोपरभर खाली वाळू ओली लागली. त्याच्या खाली, टाकीच्या तळाशी, भिंतीत पहार घुसलेली होती, आणि तिच्या कडेने पाणी बोटभर धारेने वाळूत जिरत होतं.

पहार उपटली तर भोक मोकळं होईल, असं फालेसेने म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे पहिलं वाक्य. त्याने पहार तशीच ठेवून भोवती लाकडाच्या पाचरी मारल्या, वाइसामीने शाळेतलं उरलेलं सिमेंट कालवून थापलं. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण हातोडा न मागता एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होता.

आता थांबायचं होतं. पाचर बसली की नाही हे पाणीच सांगणार होतं. काठी बुडवली, चौतीस बोटं. दोन तासांनी पुन्हा बुडवायची. सूर्य खाजणात उतरला तरी कुणी घरी गेलं नाही. पासेमेताबाई ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. रेषा खालीच गेली तर तीन दिवसांत टाकीचा तळ.

आजोबांनी काठी फालेसेनेपुढे धरली. त्याने ती घेतली, पण एकट्याने घातली नाही. वाइसामीला बोलावलं, नाकालाला बोलावलं, मुलांनाही जवळ यायला सांगितलं. कंदिलाच्या उजेडात सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी मोजलं.

चौतीस.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चौतीस बोटं म्हणजे काही फार पाणी नव्हतं. पण ती चौतीसच राहिली होती.

लोक सभागृहात परतले. आजोबा आत आले नाहीत. ते बाहेर वाळूवर बसून राहिले. मधला खांब मोकळा होता आणि त्याच्याकडे बघायचं सगळेच टाळत होते. वाइसामीने घसा साफ केला. पाण्याबाबत गावाला फसवणाऱ्याचाही खांब जातो हा नियम त्याला माहीत होता, आणि तो बोलून दाखवायचं काम नेहमी त्याच्यावरच यायचं.

त्याने तोंड उघडण्याआधी फालेसेने उठला. बाहेर गेला, आणि म्हाताऱ्याच्या शेजारी वाळूत बसला. बाईंना त्याचा आवाज ऐकू आला, अगदी रोजच्यासारखा.

"आत चला आजोबा. दव पडतंय. आमच्या खांबाशी पोरांना जरा सरकवलं, की जागा होते."